दारातली मांजर

हात सैल सोड बाई, सैल सोड साळुंके
काच चढे मनगटी, मन होईल हलके

उज्ज्वलाला तो आवाज असाच आठवायचा, निम्मा म्हटलेला आणि निम्मा गुणगुणलेला. तिचे वडील जातीचे कासार. वैरागच्या आठवडी बाजारात चिंचेखाली पोतं अंथरून बसायचे. समोरच्या बाईचा हात आपल्या हातात घ्यायचे, अंगठ्याखालचं हाड दाबून दाबून मऊ करायचे, आणि काचेची बांगडी अशी चढवायचे की ती चढली कधी ते बाईला कळायचंसुद्धा नाही. छोटी उज्ज्वला शेजारी बसून हिरव्या, लाल, मोरपंखी माळा सोडवत राहायची. एकदा एक बाई आली. तिचे हात आधीच भरलेले, मनगटावर तीळ ठेवायला जागा नाही. तरी म्हणाली, "भर दादा, अजून थोड्या." ती गेल्यावर उज्ज्वलानं विचारलं, एवढ्या बांगड्या कशाला लागतात हिला?

"तिला बांगड्या कुठं पाहिजे होत्या," वडील म्हणाले. "घटकाभर कुणीतरी हात धरून बसायला पाहिजे होतं. काच आपला निमित्ताला."

वडील गेले, तो बाजारही गेला. उज्ज्वला पन्नाशीला टेकली तेव्हा बार्शीतल्या तिच्या गल्लीत बांगड्या भरणारं माणूस उरलं नव्हतं. पण लेक रॉटरडॅमला निघून गेली आणि ती भरल्या हातांची बाई उज्ज्वलाच झाली. दुपारी घर अंगावर यायला लागलं की ती शिवणयंत्र बंद करायची, पायात चपला सरकवायची आणि पेठेत जायची. कधी केसाची क्लिप आणायची, कधी बारीक जाळीची गाळणी, कधी घरात नसलेल्या रंगाचं दोऱ्याचं रीळ. रीळ तरी कामाला यायचं. गाळण्या नुसत्या खिळ्याला लटकून राहिल्या होत्या.

"आज क्लिप की गाळणी?" तिचा नवरा दयानंद चपलांकडे बघून विचारायचा.

"क्लिप."

"मग फार खोल नाही. गाळणीच्या दिवशी मी आपला स्वयंपाकघरात पाय टाकत नसतो."

दयानंद माळावरच्या सौरप्रकल्पात देखरेखीला होता. उन्हानं रापलेला, आडव्या अंगाचा माणूस. भाकरी मोडली तर ताट हलायचं. एका संध्याकाळी त्यानं तिच्यासमोर एक डबी ठेवली. आत राखाडी रंगाची साधी अंगठी.

"फुंकर," तो म्हणाला. "सगळी गल्ली घालायला लागली की. आता उन्हातान्हात पेठेत जायचं नाही. पेठच येईल."

"आणि तुम्हाला?"

"मला कशाला? मी काय उदास होतोय?"

फुंकरीमागचं शास्त्र तसं समजायला सोपं होतं. माणूस उदास होतो ही बातमी मनाला कळायच्या बरीच आधी शरीराला कळलेली असते. घामातली रसायनं बदलतात, बोटांची टोकं किंचित गार पडतात, आणि काळजाच्या ठोक्यांमधलं अंतर, जे निरोगी माणसात सतत थोडं मागेपुढे होत असतं, ते एकसुरी होऊ लागतं. मन तेव्हा दाण्याचा कूट करत असतं. त्याला पत्ताही नसतो. अंगठी हे सगळं वाचायची.

दुसरी गोष्ट मेंदूतल्या डोपामीनची. छोटीशी वस्तू विकत घेतल्यावर बरं वाटतं ते वस्तूमुळे नव्हे. ती हाती पडण्याआधीचा जो क्षण असतो, काय असेल बरं आत, त्या क्षणाचं ते बरं वाटणं असतं. आणि वस्तू अनपेक्षित असेल तर ते अधिकच उसळून येतं. म्हणून फुंकरीकडे काही मागता येत नसे. ती आपणहून द्यायची. दिल्यानंतर अंगठी पुन्हा वाचायची, कोणत्या वस्तूनं हे माणूस सावरलं, कोणत्या वस्तूनं नाही, आणि त्यातून शिकत जायची.

वस्तू पोचवायला गल्लीच्या तोंडाशी एक कपाट होतं आणि त्यातून निघणारे बुटके, चाकांचे, राखाडी डबे. बिनआवाजी यायचे, उंबऱ्याला अंग टेकवून बसायचे आणि दारावर हलकेच वाजवायचे. टक, टक. बायकांनी त्यांना मांजर म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं.

पहिले दिवस फार गोड गेले. उज्ज्वला लेकीच्या रिकाम्या खोलीसमोरून जायची, छातीत काहीतरी खाली सरकायचं आणि तेवढ्यात टक, टक. मांजरीच्या पोटात कधी खसाच्या अत्तराची कुपी, कधी मीठ-तिखट लावलेल्या पेरूच्या फोडी, कधी जांभळ्या रेशमाची लडी. तिला हसू यायचं. लेकीशी बोलताना आता ती मधेच उठून जात नसे. "आई, तू किती छान झालीयेस गं," लेक पडद्यावरून म्हणायची.

पहिल्यांदा खटकलं ते केराबाई गेली तेव्हा.

केराबाई समोरच्या घरातली म्हातारी. गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीला तिनं शेक दिलेला. ती गेल्याचं कळलं तशा बायका जमल्या. तिची लेक सुलभा कुर्डुवाडीहून आली आणि आईच्या पायाशी बसली. आता ही हंबरडा फोडेल, मग आपल्यालाही रडता येईल, अशा बेतानं सगळ्या पदर सावरून तयार होत्या. सुलभानं तोंड उघडलं. आईला कसं बोलवावं, कोणत्या शब्दानं सुरुवात करावी, ते जणू तिच्या ओठांवर आलं होतं.

टक, टक.

उंबऱ्यावर मांजर होती. तिच्यामागे दुसरी. उज्ज्वलानं मान वळवली तर अंगणात, चपलांच्या ढिगातून वाट काढत, मांजरी रांगेनं येऊन बसत होत्या. जितक्या बायका तितक्या मांजरी. कुणीतरी सवयीनं हात पुढे केला, मग दुसरीनं. सुलभाच्या ओंजळीत एक पितळेची इवलीशी घंटा आली. ती तिनं कानाशी नेऊन किणकिणवली आणि तिच्या गालाला अगदी बारीकशी खळी पडली. आई समोर पांढऱ्या कापडात होती.

केराबाईला कुणी रडलं नाही. तिरडी उचलली तेव्हा बायका एकमेकींना आपापल्या वस्तू दाखवत होत्या. हे काहीतरी भलतंच आहे, असं उज्ज्वलाच्या मनात यायला लागलं. तेवढ्यात तिच्या पायाला गार काहीतरी घासलं. तिच्या वाटणीची मांजर होती. आत वेलदोड्याची पुडी होती. फार सुंदर वास.

श्रावणापासून मांजरीच्या फेऱ्या वाढल्या. कुकर लावताना, दयानंदाचं ताट वाढताना, त्याचे कपडे वाळत घालताना. वस्तू इतक्या साठल्या की लेकीच्या खोलीचं दार लागेनासं झालं. उज्ज्वला खुशीत होती. फक्त एक व्हायचं. हातातलं काम थांबवून ती मधेच उभी राहायची आणि आपण आत्ता कसला विचार करत होतो ते तिला काही केल्या आठवायचं नाही.

"उजे, जरा बस इथं," दयानंद एका संध्याकाळी म्हणाला. त्याचा आवाज ऐकून ती ओले हात पुसत आली. तो खाटेवर बसला होता, दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवून. "तुला एक सांगायचं होतं."

"सांगा की."

टक, टक.

"आलेच हं." ती मांजरीकडून आली तेव्हा तिच्या तळहातावर काचेचा मोर होता. "अहो, बघा तरी. पिसारा कसा केलाय."

त्यानं मोराकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे. "झकास आहे," तो म्हणाला.

"तुम्ही काय सांगत होता?"

"काही नाही. भाजीत मीठ कमी पडलंय म्हणत होतो."

नवरात्र आलं. घटस्थापनेच्या सकाळी मांजरींनी गल्लीतल्या दारोदार हिरवे चुडे वाटले. तुळजाभवानीचा मुलूख हा, नवरात्रात हात नव्या काचेनं भरायचे ही इथली रीत, आणि ते फुंकरीलाही एव्हाना ठाऊक झालं होतं. शेजारणी हात नाचवत दारात आल्या. उज्ज्वलाच्या मांजरीत आरसा निघाला. दुसऱ्या फेरीला कापूर निघाला. हिरवा चुडा काही आला नाही.

"तुझा राहिला वाटतं," शेजारची रुक्साना म्हणाली. "माझ्याकडे बघ, मी मुसलमान, तरी मला मिळाला. येईल दुपारपर्यंत."

दुपारीही आला नाही. तेव्हा उज्ज्वलाच्या लक्षात आलं की हिरवी बांगडी आपल्या दारात आषाढानंतर आलेलीच नाही. आणि कासाराच्या लेकीनं आपल्या मनगटांकडे बघितलं.

तिचे वडील गावोगाव हिंडायचे तेव्हा प्रत्येक दारासमोर हाळी द्यायचे. फक्त ज्या घरातला कर्ता पुरुष गेला असेल, त्या दारावरून मुकाट पुढे जायचे. हिरव्या माळा धोतराच्या सोग्याखाली झाकून. गावात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांना ते कसं कळायचं, देव जाणे. उज्ज्वलाला वाटलं, हे यंत्रही आता तसंच करतंय. दारावरून मुकाट जातंय. आणि घरात तर कुणी गेलेलं नाही. म्हणजे अजून नाही.

टक, टक.

मांजरीत खारका होत्या. तिनं एक तोंडात टाकली आणि सगळं निवळलं. कशाची काळजी करत होतो आपण? काहीतरी हिरवं होतं.

पण लहानपणापासून तिला एक खोड होती. डोक्यात न टिकणारी गोष्ट ती गाण्यात बांधायची. बाजारातल्या गिऱ्हाइकांच्या मनगटांची मापंसुद्धा तिनं अशीच पाठ केलेली. पुन्हा जेव्हा तो विचार आला, तेव्हा दार वाजायच्या आत घाईघाईनं तिनं त्याच्या ओळी केल्या. मग शिवता शिवता म्हणत राहिली, का म्हणतोय ते न कळता:

हिरवा चुडा कुठं गेला, मांजरी गं मला सांग
धन्याच्या सदऱ्यामधलं, का गं ओसरलं अंग

अष्टमीला तिची भाची तनया पुण्याहून आली. भावाची मुलगी, फुंकर कंपनीतच कामाला. आत्याच्या हातच्या कडाकण्या खायला ती दर नवरात्रात यायची. आल्या आल्या तिनं वस्तूंनी खच्चून भरलेली खोली बघितली.

"आत्या, हे काय? दुकान टाकतेस का?"

"तुमचीच कृपा," उज्ज्वला हसली. मग यंत्राशी बसून तेच गुणगुणायला लागली.

तनया कडाकणी मोडता मोडता थांबली. "परत म्हण."

उज्ज्वलानं म्हटलं. म्हणता म्हणता ओळींचा अर्थ तिला आत लागला आणि तिनं भाचीचा हात घट्ट धरला. "दार वाजायच्या आत सांग. तुमच्या यंत्राला माणसाचं मरण आधी कळतं का गं? मला ते हिरव्या बांगड्या का देत नाही?"

"काहीतरीच काय, आत्या. त्याला मरण कळत नाही. त्याला नवराबायकोसुद्धा कळत नाही." तनया शाळेत समजावतात तसं समजावू लागली. "त्याला फक्त तुझं अंग कळतं. आषाढात कधीतरी तुला हिरव्या बांगड्या आल्या असतील. त्या बघून तू सावरण्याऐवजी अजून खाली गेलीस. पुन्हा दिल्या, पुन्हा गेलीस. मग यंत्र शिकलं, हिला हे द्यायचं नाही. एवढंच असतं ते."

"हिरव्या बांगड्या बघून मला कशाला वाईट वाटेल?"

"ते मला काय माहीत?" तनयाचा आवाज उतरला. "पण तुझ्या अंगाला काहीतरी ठाऊक आहे, आत्या. शेजारी झोपणाऱ्या माणसाचा वास बदलतो, श्वास बदलतो. शरीर ते टिपतं. मग ते मनाकडे पोचायला निघतं आणि..."

टक, टक.

उज्ज्वला उठायला लागली. तनयानं तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि स्वतः दाराशी गेली. मांजरीच्या पाठीवर बोट फिरवून तिनं काहीतरी पाहिलं आणि बराच वेळ तशीच ओणवी राहिली.

"हिचा जोर कुणी वाढवला? एवढा आम्ही दवाखान्यातसुद्धा देत नाही. घरातल्याच कुणीतरी परवानगी दिल्याशिवाय होत नाही हे."

"मी नाही बाई."

 जाताना तनया एवढंच म्हणाली, "अंगठी काढ आणि काय ते बघ. पण जवळ कुणी असू दे. अडवून ठेवलेलं असतं ना, ते एकदम येतं."

उज्ज्वलानं जवळ कुणी येण्याची वाट पाहिली नाही. भाचीची गाडी वळली तशी तिनं साबण लावून अंगठी ओढून काढली आणि पिठाच्या डब्यात टाकली. मग यंत्राशी येऊन बसली. समोर दयानंदाची विजार होती. कालच तो म्हणाला होता, जरा कमरेत आत घे.

तिनं विजार उलटी केली. शिवण उसवायला उसवणी हातात घेतली आणि तिचा हात थांबला. कमरेला आतून एक जुनी टीप होती, काळ्या दोऱ्याची. तिच्या आत दुसरी, तपकिरी. तिच्या आत निळी. त्या निळीच्या आत जांभळ्या रेशमाची, मांजरीनं आणलेल्या लडीतली. टाके सगळे तिचे स्वतःचे. शेवटाला उलटी टीप मारून गाठ द्यायची तिची पद्धत. प्रत्येक वेळी ती इथंच बसली होती, हीच विजार मांडीवर घेऊन, आणि प्रत्येक वेळी तिला पहिल्यांदाच वाटलं होतं की अरे, हे जरा वाळले की काय. प्रत्येक वेळी दार वाजलं होतं.

तिनं दुसरी विजार काढली. मग सदरे काढले. सगळ्यांच्या पोटात तिच्याच हातच्या टिपा, झाडाच्या बुंध्यातल्या वलयांसारख्या, एकीच्या आत एक.

मग ते आलं. केराबाई आधी आली, तिच्या शेकाच्या वासासकट. मग लेक, विमानतळावर वळून न बघता गेलेली. आणि त्या सगळ्यांच्या मागून, हळूहळू, घरातलाच माणूस. भाकरी अर्धी टाकून उठणारा, कुशीवर वळताना दात आवळणारा, अंगाला कडवट वास येणारा. हे सारं तिनं बघितलेलं होतं. एकूण एक. तिनं पदर तोंडात कोंबला, मग तोही काढून टाकला आणि मोठ्यानं रडली. दारात काही वाजलं नाही.

दयानंद आला तेव्हा दिवेलागण झाली होती. घटापुढे समई होती आणि घरभर कपडे उलटे करून पसरलेले होते. त्यानं ते पाहिले. तिचे सुजलेले डोळे पाहिले. बोटाकडे पाहिलं.

"गाळणीचा दिवस दिसतोय," तो म्हणाला.

"बसा."

"चहा तरी..."

"बसा म्हटलं ना."

तो बसला. सवयीनं त्यानं दाराकडे बघितलं. उंबरा रिकामा होता. तो बघतच राहिला, कुणीतरी यायचं आहे असा, आणि उज्ज्वलानं त्याला बघू दिलं.

"ती येणार नाही," मग ती म्हणाली. "आता बोला."

"पोटात गाठ आहे," दयानंद म्हणाला. "आषाढात कळलं. सोलापूरला दाखवलं. कापून काढता येईल म्हणाले, दिवाळीच्या आत आलात तर. नंतर नाही म्हणाले."

"आणि मला?"

"सांगायचंच होतं. किती वेळा तोंड उघडलं. उघडलं की दार वाजायचं आणि तू हसत यायचीस, हातात कायतरी घेऊन. एवढी वर्षं तुला तसं हसताना बघितलं नव्हतं, उजे. मोडवेना." तो थांबला. "मग जोर मीच वाढवला. म्हटलं, जे व्हायचं ते होईल. हिला कळूच नये."

"मी पांढऱ्या कापडाशेजारी बसून घंटा वाजवावी असं ठरवलं होतंत तुम्ही."

 समोरची जांभळी टीप तो अंगठ्यानं चाचपत राहिला.

"दिवाळी तोंडावर आली," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि तिनं तो कापू दिला. "उद्या निघू या सोलापूरला. तनयाला गाडी घेऊन बोलावते."

"नको."

"का नको? डॉक्टर होईल म्हणतात ना? मला कळू नये म्हणून गप्प बसलात, ते झालं. आता मला कळलं. मग आता का नको?"

  बाहेर गल्लीत कुणाच्या तरी उंबऱ्यावर टक, टक झालं आणि तो चटकन सावरून बसला, पण ते दुसऱ्या घरी होतं. समईची वात थोडी खाली बसली. ती उठून पुढे सारायला गेली नाही. हा उन्हात राबलेला माणूस काय बोलेल याची वाट बघत ती तशीच बसून राहिली, आणि आत जे काही दाटून येत होतं ते कुठं जात नव्हतं.

"केराबाईचा थोरला मुलगा," तो अखेर म्हणाला, अगदी हळू. "असाच गेला होता तपासायला. कापायला टेबलावर घेतला आणि परत उठलाच नाही. मी बाहेर बाकावर बसून होतो तेव्हा." त्यानं ती विजार मुठीत आवळली. "मला भीती वाटते, उजे. तुझ्यासाठी गप्प बसलो म्हणतो मी, पण तसं नाही. मला लई भीती वाटते."